सोप्यातलं कातडं

आपल्या लोकांच्या नव्या घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू दिसायला लागली आहे. सोफासेट आता सगळ्यांकडेच झाला, त्याची नवलाई संपली. आता हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीशी जरा तिरपी करून, एकच आरामखुर्ची ठेवतात. खाली गालिचा, शेजारी उंच दांड्याचा दिवा. खुर्ची काळ्या नाहीतर तपकिरी चामड्याची, आणि तिला नाव असतं. ही ईम्स, ही बार्सिलोना, ही कॉर्बुझिए. आलेल्या माणसाला घर दाखवताना देवघराच्या आधी ती खुर्ची दाखवतात. इंटिरिअरवाल्यानं सुचवलेली असते, पुण्या-बंगळुरातल्या मुलानं मोबाइलवर पसंत केलेली असते आणि घरच्या कर्त्या माणसानं पैसे मोजलेले असतात. घरातल्या बाईला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "पुसायला सोपी आहे हो."

मला या खुर्चीविरुद्ध लिहायचं आहे. जैन घरात चामड्याची खुर्ची येता कामा नये, आणि ती येण्याआधी घरातल्या बाईला विचारलं गेलं पाहिजे. दोन्ही गोष्टी एकच कशा आहेत, ते सांगते.

आधी आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा वर्ज्य. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. पिठाला मुदत: थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. दूध-दह्याबरोबर डाळ कधी चालते, कधी नाही, याचा हिशेब वेगळा. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची ताटं झाली पाहिजेत, मग कारखान्यातून कुणी कितीही उशिरा येवो. पाणी गाळायचं, आणि जुन्या बायका तर गाळण्यावर राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायच्या. त्याला जिवाणी म्हणत. बिस्किटाचा पुडा घेतला तर हिरवा ठिपका बघायचा, चॉकलेट घेतलं तर जिलेटिन आहे का वाचायचं. चष्मा न लावता बारीक अक्षर वाचायची विद्या आपल्या बायकांना या पुड्यांनीच शिकवली.

हे सगळं कोण करतं? आपण करतो. घराचा धर्म टिकवायची जबाबदारी आपल्या हातात दिली आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण ही सत्ता फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. पलीकडे सोपा लागतो. आमच्या आज्या ज्याला सोपा म्हणत, त्यालाच आता हॉल म्हणतात. तिथं धर्म कोण बघतं? तिथला पट्टा, पाकीट, बूट, गाडीतल्या सीटा आणि आता ही खुर्ची, यांवर हिरवा ठिपका नसतो. त्यांची यादी कुठल्या बाईनं वाचली नाही, कारण तिला कुणी ती दिलीच नाही. कांद्याच्या एका फोडीवरून सुनेला चार शब्द ऐकवणारं घर कातड्याच्या खुर्चीत बसून ते ऐकवतं.

बसदीच्या दारात चामड्याच्या वस्तू आत नेऊ नयेत अशी पाटी बऱ्याच ठिकाणी असते. पुरुष मंडळी बिनतक्रार पट्टा काढून ठेवतात. म्हणजे कातडं हे हिंसेचं आहे, अपवित्र आहे, हे आपण मान्य केलेलंच आहे. वाद नाही. मग चातुर्मासात मुनिमहाराजांचे पाय आपल्या घराला लागावेत म्हणून पहाटेपासून सोवळ्यात चौका लावणारी बाई त्यांना कुठून आत आणते? हॉलमधूनच की. त्या खुर्चीवर त्या दिवशी चादर टाकतात. मी बघितलेली आहे ती चादर. झाकावी लागते ती वस्तू ठेवायची कशाला, एवढंच मला विचारायचं आहे.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. माझ्या धाकट्या जाऊबाईंनीच दिलं. "अक्का, आपण कुठं मारलं? मांसासाठी मारतातच की. कातडं फुकट जाणार, त्यापेक्षा वापरलं तर काय बिघडलं?"

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तरासाठी लांब जायला नको. चिकोडी-निपाणी हा आपला उसाचा मुलूख. साखर कारखाना कशावर चालतो हे आपल्या घरातल्या पुरुषांना पाठ असतं. नुसत्या साखरेवर कारखाना तरत नाही. मळीपासून अल्कोहोल निघतं, चिपाडापासून वीज निघते, आणि त्यांचे पैसे आले म्हणून उसाला दर देता येतो. मळीला कारखान्यात कुणी 'फुकट जाणारा माल' म्हणत नाही. कत्तलखान्याचं गणितही असंच आहे. जनावराची किंमत ठरते तेव्हा मांस, कातडं, हाडं, चरबी सगळ्याचा हिशेब धरलेला असतो. कातडं विकत घेणारा त्या धंद्याला पैसे पुरवणाराच असतो. आणि या खुर्च्यांना लागतं ते कातडं तर साधंसुधं नसतं. ओरखडा नको, गोचिडीचा डाग नको, तारेच्या कुंपणाची खूण नको. अंगावर आयुष्याची एकही खूण नसलेलं कातडं सगळ्यांत महाग. त्याला फुकटचं म्हणायचं?

शास्त्र याबाबत आपल्याला पळवाट ठेवत नाही. पाप तीन वाटांनी लागतं, हे पाठशाळेतल्या मुलालाही येतं: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावून संमती दिलेलं. "आम्ही कुठं मारलं" हे फक्त पहिल्याचं उत्तर झालं. दुसऱ्या-तिसऱ्याचं काय? तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' लिहिलं, त्यात चामड्यात ठेवलेलं पाणी, तेल-तूप आणि हिंग हे मांसत्यागाच्या व्रताला लागणारे दोष म्हणून सांगितले आहेत. नुसतं चामड्यात ठेवलेलं हं, चामडं खाल्लेलं नव्हे! आपल्या आज्या हिंग विकायला आलेल्याला कातड्याच्या पिशवीतला आहे काय, असं विचारून परत पाठवायच्या, ते उगीच नव्हे.

आता कुणी म्हणेल, "काकी, आपले आजोबा-पणजोबा मोटेनं पाणी काढत होते. मोट कसली असायची?" कातड्याचीच असायची. या भागातले बहुसंख्य जैन हे शेतकरी, कुळंबाव्याच्या कष्टाचे लोक. बैल, नांगर, मोट, चाबूक या सगळ्यांशी त्यांचा संबंध होता आणि तो मला लपवायचा नाही. पण शास्त्रकार आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी होते. त्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले. चूल पेटवताना, घर झाडताना होते ती आरंभी. शेती-व्यापारात पोटासाठी होते ती उद्योगी. अंगावर आलेल्याला परतवताना होते ती विरोधी. आणि गरज नसताना, ठरवून, हौसेसाठी होते ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, त्यानं त्या कमी कराव्यात. चौथी मात्र त्यानं सोडायचीच. मोट उद्योगात बसते. पंप आला त्या दिवशी मोट सुटली, कुणाला तिचं दुःख झालं नाही. हॉलमधली ही खुर्ची कुठल्या खान्यात बसते, सांगा. बसायला घरात दुसरी दहा आसनं असताना?

आणि जिवाणीची आठवण मी उगीच काढली नाही. कातडं कमावायला पाणी लागतं, भरपूर. पूर्वी आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावत. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, कारण ते लवकर होतं आणि मऊ होतं. कानपूरच्या जाजमऊतून गंगेत काय जातं, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. तमिळनाडूत वेल्लोरच्या बाजूला पालार नदीकाठच्या कमाईखान्यांनी पाणी आणि शेती नासवली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाला 1996 साली निकाल द्यावा लागला. गाळण्यावरचा एक जीव वाचवायला विहिरीपर्यंत जाणाऱ्या बाईच्या नातवानं नदीचं पाणी खर्ची घालून बनलेल्या खुर्चीत बसावं, आणि आपण त्याच्या हातात चहा द्यावा!

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ निघेल. कातड्याचं काम करणाऱ्या माणसाविरुद्ध मी काही लिहीत नाही. अथणी आपल्याच जिल्ह्यात आहे. अथणी-निपाणीच्या चपला कोल्हापुरीच्या नावानं जगभर जातात. 2019 साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या आणि त्या कुठल्या हे सांगितलं नाही, तेव्हा आपण सगळे केवढे चिडलो. ते कारागीर समगार, ढोर, चांभार समाजाचे. पिढ्यान्‌पिढ्या मेलेल्या जनावराचं कातडं कमावून त्यांनी गावाच्या पायांत चप्पल आणि मोटेला कातडं दिलं, आणि गावानं त्यांना काय दिलं? सोप्यावर बसायला सांगितलं नाही. हे आपल्या घरांनीही केलं. अहिंसेच्या नावाखाली आपण कातड्यापेक्षा कातडं कमावणाऱ्या माणसालाच जास्त लांब ठेवलं. आता तेच कातडं इटलीहून आलं, त्यावर परदेशी नाव लागलं, की त्याला हॉलमध्ये मानाची जागा. म्हणजे आक्षेप कातड्याला कधी नव्हताच काय, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगणार? मला तरी याचं उत्तर अहिंसेच्या बाजूनं द्यायचं आहे. माणसाला सोप्यावर घ्या, आणि कातडं बाहेर ठेवा.

"पण डिझाइन किती सुंदर आहे हो," असं मुलं म्हणतात. मुलांचं खोटं नाही. मी कलाशाखेची पदवीधर आहे, सुंदर वस्तू मला आवडते, आणि या खुर्च्यांची माहिती मी हौसेनं मिळवली आहे. मिळवली तेव्हा जे हाती लागलं ते आपल्या बाजूचं निघालं.

बार्सिलोना खुर्ची घ्या. 1929 साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनात जर्मनीनं एक दालन उभं केलं. तिथं स्पेनचे राजा-राणी येणार म्हणून मीस व्हान डेर रोए आणि लिली राइख या दोघांनी ही खुर्ची घडवली. मूळ खुर्चीवर पांढुरकं डुकराचं कातडं होतं. आपल्याकडे तिची नक्कल मोठ्या कौतुकानं देवघराच्या भिंतीला पाठ लावून ठेवलेली मी पाहिली आहे. आजच्या खुर्चीवर डुकराचं कातडं नसतं, गाईगुरांचं असतं, तेवढंच काय ते समाधान मानायचं तर माना.

दुसरी ती वाकवलेल्या पोलादी नळ्यांची, वासिली म्हणतात ती. मार्सेल ब्रॉयर नावाच्या तरुण शिक्षकानं 1925 साली जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत ती केली. आज दुकानात ती काळ्या चामड्याच्या पट्ट्यांची मिळते, आणि चामडं म्हणजेच अस्सल अशी सगळ्यांची समजूत. पण मूळ खुर्ची कापडाची होती! चामड्याची आवृत्ती नंतर, 1960 च्या दशकात इटलीतल्या एका कंपनीनं ती पुन्हा काढली तेव्हा लोकप्रिय झाली. त्या नळ्यांच्या खुर्च्यांना ताणलं तरी ढिलं न पडणारं कापड हवं होतं. मेण लावून चकचकीत आणि मजबूत केलेल्या सुताचं ते कापड, जर्मनीत त्या सुताला लोखंडी सूत म्हणत. बाउहाउसच्या मागशाळेत शिकणाऱ्या मार्गारेटा राइखार्ट या मुलीनं ते आणखी सुधारलं. शाळा नव्या विचारांची म्हणवत होती, तरी मुलींना बहुतेक करून मागावरच धाडायची. त्या मुलींनी मागावर बसून जे केलं त्यावर त्या खुर्च्या ताणल्या गेल्या.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या खासबागेतल्या मागांचा आवाज ऐकत बसले होते. खासबाग, वडगाव, शहापूर: इथं घराघरांत माग. शहापुरी लुगडी इथलीच. आज मागांना काम किती कमी झालं आहे, हे इथं कुणाला सांगायला नको. ज्या खुर्चीचं मूळ अंग कापडाचं होतं, ती मागवाल्यांच्या पेठेत चामडं पांघरून येते आणि तिला आपण अस्सल म्हणतो. याला काय म्हणावं?

तिसरी, गुबगुबीत गाद्यांची, बाहेरून पोलादी नळीचा पिंजरा असलेली. तिला सगळे कॉर्बुझिएची म्हणतात. 1928 सालची ही खुर्ची ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि शार्लोत पेरियां या तिघांची. पेरियां ही चोविशीतली मुलगी. आदल्या वर्षी नोकरी मागायला गेली तेव्हा साहेबानं तिला, इथं उशांवर भरतकाम होत नाही, अशा अर्थाचं काहीतरी सुनावून परत पाठवलं होतं. पुढं तिचं काम बघून बोलावून घेतलं. खुर्च्या तिघांनी केल्या, दुकानात नाव एकाचं. ईम्सचंही तेच. चार्ल्स आणि रे हे नवराबायको, पण खुर्ची घेणाऱ्या किती जणांना रेबाई माहीत असतात?

या ईम्स मंडळींची गोष्ट तर आपल्या फारच जवळची आहे. त्यांची ती प्रसिद्ध चामड्याची आरामखुर्ची 1956 सालची. त्यानंतर लगेच भारत सरकारनं त्यांना बोलावलं. ते देशभर हिंडले आणि 1958 साली त्यांनी एक अहवाल दिला. त्यात कशाचं सर्वांत जास्त कौतुक केलं असेल? आपल्या तांब्याचं. पाणी ओतताना धार कशी पडते, कमरेवर कसा बसतो, घासायला कसा सोपा, किती पिढ्यांच्या हातांनी तो आकार घडत आला, याचं. खुर्ची विकणाऱ्यांच्या देशातला माणूस आपल्या स्वयंपाकघरात येऊन तांब्यापुढं नमला, आणि आपण तांबे मोडीत घालून त्याची खुर्ची आणतो. त्या अहवालातून पुढं 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ती उभी करण्यात गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा मोठा हात होता. साराभाई घराणं मूळचं जैन. याच घराण्यातल्या मनोरमाबेन साराभाईंसाठी कॉर्बुझिएनं 1950 च्या दशकात अहमदाबादेत घर बांधलं. म्हणजे हे आधुनिक शिल्पी जैनांना नवे नाहीत, आणि जैन बायकांना तर नाहीतच.

त्याच घरातल्या अनसूयाबेन. 1912 साली त्या विलायतेला डॉक्टर व्हायला गेल्या. तिथं कळलं की शिकताना प्राण्यांची चिरफाड करावी लागते. त्यांनी डॉक्टरकी सोडली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वाट धरली, परत येऊन अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या पुढारी झाल्या, प्रसंगी स्वतःच्या गिरणीमालक भावाच्या विरुद्ध. आता डॉक्टरकी म्हणजे लोकांचे प्राण वाचवणारं शिक्षण, तरी त्या बाईला ते नको वाटलं. आपल्याला एक खुर्ची सोडवत नाही.

कुणी म्हणेल, मग नुसत्या जुन्या चौरंगावर बसायचं काय? बसा की, चौरंग काही वाईट नाही. पण मी तसं म्हणत नाही. चंदीगड शहर उभारताना पिएर जानरे, तोच कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, इथं बरीच वर्षं राहिला. सरकारी कचेऱ्यांसाठी त्यानं आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या. त्यात युली चौधरी ही वास्तुरचनाकार बाईही होती. आपल्या हवेला सोसेल, सुताराला करता येईल, वेत तुटला तर पुन्हा विणता येईल अशा. कचेऱ्यांनी मोडक्या म्हणून त्या भंगारात काढल्या आणि परदेशात त्यांचे लिलाव लाखांनी झाले. शेवटी 2011 साली केंद्र सरकारला त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. आपल्या शाळामास्तरांच्या वेताच्या खुर्चीची ही सख्खी बहीण.

आणखी एक पळवाट राहिली, तिचंही बघू. "आमचं खरं लेदर नव्हे हो, वीगन लेदर आहे." वीगन लेदर म्हणजे बहुधा प्लास्टिकचा थर दिलेलं कापड. आपल्या बापांच्या काळी त्याला रेक्झिन म्हणत आणि ते बसमध्ये असे. हिंसा नाही हे खरं, पण आपल्या पावसात तीन-चार वर्षांत त्याचे पोपडे निघतात. तसं खरं चामडंही बेळगावच्या पावसाला कुठं दाद देतं? जून ते सप्टेंबर कपाटातल्या पट्ट्याला पांढरी बुरशी येते, तीच खुर्चीला येते, आणि ती पुसत कोण बसतं हे सांगायला नको. 'पुसायला सोपी' याचा अर्थ एवढाच. त्या खुर्चीत निवांत बसलेली बाई मला अजून एकाही घरात दिसलेली नाही. साडी नेसून तीत मागं रेललं तर उठताना हात द्यायला माणूस लागतं. ती खुर्ची बाईच्या पाठीसाठी आणलेलीच नसते.

रेशमाचं काय, असं मला तोंडावर विचारणाऱ्या मैत्रिणी आहेत. बरोबर विचारतात. कोशातला किडा उकळत्या पाण्यात जातो, तेव्हा धागा निघतो. मी रेशीम नेसत नाही, लेकीच्या लग्नातही सुती नेसले, आणि जावयाच्या माणसांनी काय म्हटलं ते ऐकून घेतलं. पण रेशीम चालतं म्हणून चामडंही चालू द्या, हा कुठला न्याय? एक गळती बुजवायची राहिली म्हणून कुणी घराचं दार काढून ठेवत नाही. मोरपिच्छीचा दाखला देणाऱ्यांना तर मी हसतेच. मोर आपणहून पिसं टाकतो, बैल आपणहून कातडं टाकत नाही. राहिला पूजेतल्या नगाऱ्याचा प्रश्न. तो खरा आहे. त्यावर सभा बोलवा, मी येते.

आचार्य विद्यासागर आपल्या सदलग्याचे, 1946 सालचा जन्म. पुढं सगळं आयुष्य उत्तरेत गेलं, पण या मागवाल्यांच्या मुलुखातला माणूस हातमागाचा आग्रह धरत राहिला, याचं मला नवल वाटत नाही. त्यांच्या प्रेरणेनं मध्य प्रदेशात हातमागाची केंद्रं निघाली, सागरच्या तुरुंगात कैद्यांच्या हाती माग दिले गेले. आपण त्यांचे फोटो हॉलमध्ये लावतो. फोटोखाली चामड्याची खुर्ची.

तेव्हा ज्यांच्या घरी नवं बांधकाम चालू आहे त्यांना माझं सांगणं आहे. इंटिरिअरवाला घरी येईल तेव्हा चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका, बसा. नमुन्यांची वही पुढं आली की जसा बिस्किटाचा पुडा वाचता तसं विचारा: हे कशाचं आहे? 'प्रीमियम आहे' हे उत्तर नव्हे. कातडं असेल तर, आमच्या घरात चालत नाही, एवढं एकच वाक्य बोला. कांद्याबद्दल हॉटेलात बोलतो त्याच आवाजात. मुलाला ती खुर्चीच हवी असेल तर आकार तोच ठेवा, अंग कापडाचं करा. साडीचं कापड त्याला चालत नाही, जाड सूत आणि घट्ट वीण लागते. एका आरामखुर्चीला रुंद पन्ह्याचं पाच-सहा मीटर पुरतं. नळ्यांची खुर्ची असेल तर सुती नवारही चालते. आपल्या बाजांना विणत होतो तीच.

आणि ज्यांच्या घरी ती आधीच आलेली आहे, त्यांनी ती रस्त्यावर फेकू नये. जनावर गेलंच आहे. ती झिजेपर्यंत वापरा, मुनिमहाराज येतील तेव्हा चादर मात्र टाकू नका, विचारलं तर खरं सांगा. चामडं फाटलं की गादीवाल्याला बोलवा आणि मापं घेताना स्वतः उभ्या राहा. पाठीची उंची आपल्या पाठीची घ्यायला सांगा.